चांगलं दिसतंय तोवर

तरुण डोळ्याचा पडदा झळाळतो. बाहुली मोठी करून, अंधाऱ्या खोलीत, भिंगातून उजेड आत सोडला की नारिंगी पडद्यावरून एक रुपेरी लकेर धावत जाते. भिंग केसभर हललं तरी ती जागा बदलते. पैठणीचा धूपछाव पदर हातात फिरवताना रंग सरकतो, तशी. पीतबिंदूच्या, म्हणजे बारीक नजर जिथं असते त्या जागेच्या, नेमक्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा उजेड उभा असतो. रक्तवाहिन्यांच्या कडाही चमकतात. साठीतल्या डोळ्यात यातलं फारसं काही उरत नाही. नव्यानं शिकणारी मुलं कधी कधी या झळाळीलाच घाबरतात. विचारतात, "मॅडम, इथं सूज आहे का?" मी सांगते, सूज नाही, वय आहे.

इतकी वर्षं पडदे पाहते आहे, तरी ती चमक दिसली की मला अजून आनंद होतो. आणि त्याच चमकीत बारीक लाल टिंबं दिसली की भिंग धरलेला हात क्षणभर थांबतो.

जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कातडी न चिरता उघड्या पाहता येतील, अशी शरीराच्या आतली ही एकच जागा आहे. १८५१ पर्यंत तिचंही दार बंद होतं. बाहुली काळी दिसते, म्हणजे आत काळोखच असणार, असं माणसं धरून चालली होती. तेव्हाच्या प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग इथं हेल्महोल्ट्झ नावाचा तिशीच्या आतला प्राध्यापक विद्यार्थ्यांना डोळ्यातून परतणारा उजेड समजावून सांगण्याची तयारी करत होता, आणि त्या तयारीतून त्याच्या हातून एक साधं उपकरण घडलं. काळोखाच्या जागी पडदा दिसला. पुढं चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाच्या एडवर्ड येगरनं मधुमेही माणसाच्या पडद्यावरचे बदल पाहून नोंदवले. बघण्याची सोय झाली आणि लगेच आजार दिसला. तो तिथं किती काळ न बघितलेला बसून होता, हे कोण सांगणार?

मी मिरजेत पडद्याचे आजार पाहते. सांगली, जत, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडून अथणी, चिकोडी, सगळीकडून माणसं इथं दवाखान्याला येतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे तो. साखरेनं पडदा खराब झालेला माणूस म्हणजे पूर्वी साठीचा, लेकाचा खांदा धरून येणारा. आता थेंब घालून बाकावर डोळे मिटून बसलेल्यांत विशी-तिशीचे चेहरे असतात. कानात इअरफोन, मांडीवर हेल्मेट. बाहुली मोठी झाली की तीन-चार तास मोबाइलवरचं अक्षर लागत नाही, बाहेरचं ऊन टोचतं. म्हाताऱ्या माणसांना त्याचं विशेष काही वाटत नाही, या पोरांचा मात्र जीव कासावीस होतो. कुणाची शिफ्ट असते, कुणाची परीक्षा. अर्धा दिवस जातो, आणि तोही अशा डोळ्यासाठी, ज्याला काही झालेलंच नाही अशी त्यांची खात्री असते.

ती खात्री खोटी म्हणता येत नाही, कारण त्यांना खरोखरच सगळं दिसत असतं. तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ ही मुलं धडाधड वाचून दाखवतात. मी कागदावर ६/६ लिहिते. मग दिवा मालवते, भिंग हातात घेते, आणि त्याच डोळ्याच्या आत दुसरंच काही चाललेलं दिसतं. पीतबिंदू शाबूत असेल तोवर नजर शाबूत राहते. बाकी सगळ्या पडद्यावर काय काय घडून जातं, याची त्या माणसाला गंधवार्ता नसते. ना दुखतं, ना लाल होतं, ना पाणी येतं. माझ्या कामातली खरी अवघड जागा ही आहे. ज्याला लख्ख दिसतंय, त्याला तुझा डोळा आजारी आहे असं सांगायचं, आणि नुसतं सांगायचं नाही, तर त्याला ते पटलं पाहिजे. पुढचे सगळे उपचार त्या पटण्यावर उभे असतात.

चोविशीची एक मुलगी आली होती. (ओळख पटू नये म्हणून मी इथं सगळ्यांचेच तपशील थोडे बदलले आहेत.) नवव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह. सोबत आई. आईचं म्हणणं एवढंच होतं, "चष्म्याचा नंबर बदललाय का तेवढं बघा मॅडम, पुढच्या आठवड्यात पाहुणे बघायला येणारेत." साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरतं, नंबर सरकतो, तसंच असेल असं त्या दोघींना वाटत होतं. शेवटची पडदा-तपासणी कधी झाली, विचारलं. दहावीत, मुलगी म्हणाली. मग कॉलेज, मग पुण्यात नोकरी, खोलीवर तिघी मैत्रिणी. त्यांच्यासमोर सुई टोचायची नाही म्हणून दुपारचं इन्शुलिन बऱ्याचदा राहून जायचं.

दोन्ही डोळ्यांत ६/६. आणि उजव्या डोळ्यात, दृष्टिनाडी जिथून पडद्यात शिरते त्या फिकट चकतीवर, नव्या रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं. भिंगातून पाहताना ते सुंदर दिसतं, हे मला लपवता येत नाही. इतक्या नाजूक, इतक्या गुंतलेल्या रेषा. पण त्या तिथं असायला नको होत्या.

आत घडतं ते असं. पडद्याच्या बारीक केशवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या काही पेशी असतात. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की त्या पेशी आधी मरतात. आधार गेला की केशवाहिनीची भिंत फुगते. ती पहिली लाल टिंबं. भिंत झिरपायला लागते, पडद्यात पाणी आणि चरबीचे पिवळे कण साठतात. हे पीतबिंदूपाशी झालं तर मात्र नजर धूसर होते. पुढं काही केशवाहिन्या बंदच पडतात. पडदा हा शरीरातला प्राणवायूचा फार मोठा भुकेला आहे. जिथं रक्त पोचत नाही, तो भाग हाक मारतो. आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञानं १९४८ मध्येच म्हटलं होतं की उपाशी पडद्यातून काहीतरी द्रव्य स्रवत असलं पाहिजे, जे नव्या वाहिन्यांना बोलावतं. त्या द्रव्याची नीट ओळख पटायला पुढची चाळीस-पन्नास वर्षं लागली. व्हीईजीएफ असं त्याचं नाव. हाकेला ओ देऊन वाहिन्या उगवतात, पण घाईघाईनं आलेल्या, कच्च्या भिंतींच्या, भलत्याच जागी.

आणि इथं तारुण्य आजाराच्या बाजूनं उभं राहतं. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक गर भरलेला असतो. उतारवयात तो पातळ होतो, पडद्यापासून आपोआप सुटतो. तरुण डोळ्यात तो घट्ट असतो, पडद्याला चिकटून असतो. नव्या वाहिन्यांना चढायला त्याचाच आधार मिळतो. मग त्या गराला धरून त्या पसरतात, सोबत व्रणाचे पापुद्रे तयार होतात, ते आकसतात, आणि पडदा ओढला जातो. साठीत जे सावकाश चालतं, ते पंचविशीत काही महिन्यांत उरकतं. एके सकाळी डोळ्यासमोर काळी कोळिष्टकं तरंगायला लागतात, संध्याकाळपर्यंत लाल-काळा पडदा पडतो, आणि मग मुलगा धावत येतो, म्हणतो, "काल रात्रीपर्यंत सगळं बरोबर होतं."

त्या मुलीला मी तिच्या पडद्याचा फोटो दाखवला. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. म्हणाली, "पण मला तर सगळं दिसतंय की, मॅडम." आईनं पदर तोंडाला लावला होता. पाहुण्यांना इन्शुलिनबद्दल सांगितलेलं नाही, हे मला त्या न सांगताही कळलं होतं. आपल्याकडं टाइप वनच्या कितीतरी मुलींचं इन्शुलिन पेन पर्सच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेलं असतं. लग्न ठरेपर्यंत, ठरल्यावर, आणि काही जणींचं तर लग्न झाल्यावरही. लपवायचं म्हणजे डोस चुकवायचा, तपासणी चुकवायची, फाइल माहेरी ठेवायची. मी नेत्रतज्ज्ञ आहे, लग्नाच्या बाजारावर बोलणं माझं काम नव्हे असं कुणी म्हणेल. पण ते जाळं मी भिंगातून पाहिलेलं आहे, आणि त्याला दिवस-रात्र साखरेइतकंच हे लपवणंही खतपाणी घालत होतं, असं मला ठामपणे वाटतं.

या आजाराच्या इतिहासात एक विचित्र गोष्ट आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं. त्याआधी या वयात मधुमेह झालेलं मूल वर्ष-दोन वर्षांत जायचं. त्यांचे डोळे जात नसत, कारण डोळे जाण्याइतकं आयुष्यच त्यांना मिळत नसे. इन्शुलिननं ती मुलं जगली, मोठी झाली, आणि पंधरा-वीस वर्षांनी, ऐन पंचविशी-तिशीत, त्यांच्यातली कितीतरी आंधळी व्हायला लागली. तरुणांच्या डोळ्यातला हा आजार, एका अर्थानं, वाचलेल्या आयुष्याबरोबर आला.

त्या काळच्या डॉक्टरांच्या हातात काय होतं? जवळजवळ काहीच नाही. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या पॉल्सननं एका मधुमेही बाईची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणातल्या रक्तस्रावानं तिची पिट्युटरी ग्रंथी निकामी झाली होती, आणि त्यानंतर तिच्या पडद्यावरचा आजार ओसरला होता. एवढ्या एका धाग्यावरून पुढं दोन दशकं जगभर तरुण मधुमेहींची पिट्युटरी ग्रंथी मुद्दाम नष्ट केली गेली. कुठं शस्त्रक्रियेनं, तर लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये किरणोत्सारी यट्रियमचे कण त्या ग्रंथीत रोवून. काहींची नजर खरंच वाचली. त्या बदल्यात जन्मभर हार्मोनच्या गोळ्या, मूल होण्याची आशा संपलेली, साखर अचानक घसरून जीव जाण्याची भीती. हे वाचताना मला त्या डॉक्टरांचा राग येत नाही. विशीतला रुग्ण समोर आंधळा होतो आहे आणि आपल्याकडं दुसरं काहीच नाही, ती वेळ काय असेल ते मला कळतं. आणि त्या मुलामुलींनी होकार दिला, तो कशाच्या मोबदल्यात दिला, तेही कळतं.

त्याच सुमाराला दुसरीकडं, अगदी वेगळ्या वाटेनं, खरा उपाय आकार घेत होता. ९ जुलै १९४५ ला युरोपातून सूर्यग्रहण दिसलं. उघड्या डोळ्यांनी ते पाहणाऱ्यांचे पीतबिंदू भाजले. हांबुर्गच्या गर्ड मायर-श्विकेराथ या तरुण नेत्रतज्ज्ञानं तसा एक डोळा तपासला. पडद्यावर सूर्यानं उमटवलेला छोटा, स्वच्छ कडांचा व्रण. कुणीही हळहळून पुढं गेलं असतं. त्याच्या मनात आलं, असाच नेमका व्रण आपण हव्या त्या जागी करू शकलो तर फाटलेला पडदा जागेवर चिकटवता येईल. युद्ध नुकतंच संपलेलं, शहर ढिगाऱ्यात. त्यानं दवाखान्याच्या गच्चीवर आरसे लावून ऊन खाली रुग्णाच्या डोळ्यापर्यंत आणलं. आकाश निरभ्र असेल त्या दिवशीच उपचार. हांबुर्गच्या आकाशाखाली हे किती धीराचं काम असेल! पुढं ऊन जाऊन झेनॉनचा दिवा आला, १९६० नंतर लेझर आला, आणि फाटलेल्या पडद्यावरून तो उजेड मधुमेही पडद्याकडं वळला.

आधी त्या नव्या वाहिन्याच नेम धरून जाळायचा प्रयत्न झाला. पण बोस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये बीथम आणि आयेलो यांच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली होती: ज्या डोळ्यांत जुन्या आजाराचे व्रण ठायी ठायी पडलेले आहेत, तिथं मधुमेहाचा आजार सौम्य राहतो. मग नव्या वाहिन्यांना हातही न लावता, पडद्याच्या कडेच्या भागातच विखुरलेले व्रण दिले तर? व्रण पडलेला भाग प्राणवायू मागत नाही. भूक कमी झाली, हाक थांबली, आणि बोलावून आणलेल्या वाहिन्या सुकू लागल्या. (त्याच आयेलोंच्या मुलानं पुढं, १९९४ मध्ये, मधुमेही डोळ्यातल्या गरात व्हीईजीएफ मोजून दाखवलं. बापानं जी हाक उजेडानं थांबवली, तिचं नाव मुलानं पक्कं केलं.)

१९७२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात सतराशेहून अधिक रुग्णांच्या एका डोळ्याला लेझर किंवा झेनॉनचा उजेड दिला, दुसरा तसाच ठेवला. १९७६ पर्यंत फरक इतका उघड झाला की, धोका असलेल्या दुसऱ्या डोळ्यांनाही उपचार द्यायचे ठरलं. या उपचारानं गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून अधिक कमी झाला होता.

मी रोज तोच उपचार करते. हनुवटी टेकवून मुलगा मशीनपुढं बसतो, डोळा बधिर केलेला, त्यावर काचेचं भिंग. पायाखालचं बटण दाबलं की हिरवा झोत उमटतो आणि नारिंगी पडद्यावर एक फिकट ठिपका उठतो. मग त्याच्या शेजारी दुसरा. असे हजार-दीड हजार, कधी त्याहून अधिक, दोन-तीन बैठकांत. तरुणांना तो टोचतो. काही जण दात आवळून बसतात, एक मुलगी प्रत्येक ठिपक्याला पायाचा अंगठा मुडपायची. मध्यभाग मी सोडते. मध्यभागासाठीच तर हे सगळं. कडेची थोडी नजर आणि अंधारातली थोडी नजर द्यायची, आणि अक्षर, चेहरे, सुईचं नेढं, रस्त्यावरची पाटी राखायची. हा सौदा मी दुसऱ्याच्या डोळ्यावर करते, म्हणून तो करण्याआधी मी तो पूर्ण सांगते. लेझरनं नजर वाढणार नाही, आहे ती टिकेल. चांगलं दिसतंय तोवरच हे करायचं असतं. हे वाक्य विशीतल्या मुलाच्या गळी उतरवायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ओपीडीत पंधरा मिनिटं सहज मिळत नाहीत, तरी ती काढावीच लागतात.

आता डोळ्यात इंजेक्शनही देता येतं. आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये मंजूर झालेलं बेव्हासिझुमॅब पुढच्याच वर्षी काही डॉक्टरांनी थेंबाएवढं डोळ्यात देऊन पाहिलं, आणि व्हीईजीएफची ती हाक औषधानंही थांबवता येते हे दिसलं. पीतबिंदूवरच्या सुजेसाठी ही इंजेक्शनं मोठं वरदान आहेत. 'डोळ्यात सुई' म्हटल्यावर माणूस खुर्चीतून अर्धा उठतो, पण ती बुबुळाच्या बाजूनं, पांढऱ्या भागातून जाते, आणि काही सेकंदांत संपते. नव्या वाहिन्यांवरही ती चालतात. दोन वर्षांच्या तुलनेत लेझरच्या तोडीस तोड ठरली आहेत. कडेची नजरही वाचते. मग तरुणांना तीच का देऊ नयेत?

इथं मला डोळ्यापलीकडं पाहावं लागतं. इंजेक्शनचा असर उतरतो, ते महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लागतं. नुसत्या इंजेक्शनवर ठेवलेला रुग्ण मध्येच यायचा थांबला, तर आजार दुप्पट जोरानं उसळतो. लेझर झालेला माणूस गायब झाला तरी त्याचे व्रण आत राखण करत राहतात. आणि विशी-तिशीचं माणूस गायब होतंच. नोकरी बदलते, गाव बदलतं, बाळंतपणाला माहेरी जातं, परीक्षेचा निकाल लागून गडचिरोलीला पोस्टिंग मिळतं. म्हणून मी पडद्याइतकंच विचारत बसते: राहता कुठं, सुट्टी मिळते का, पैसे कोण देतं, घरात कुणाला माहीत आहे. त्या उत्तरांवर उपचार ठरतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. माझ्या खुर्चीत ते सगळ्यात जास्त वेळ घेतं.

साखरेचं म्हणाल तर त्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास तरुणांवरच झाला. १९८३ ते १९९३, अमेरिका आणि कॅनडातले १४४१ टाइप वनचे रुग्ण, वय १३ ते ३९. निम्म्यांची साखर काटेकोर ठेवली, निम्म्यांना त्या काळचा नेहमीचा उपचार. काटेकोर गटात पडद्याचा आजार नव्यानं सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं. मला त्याहून भारावतं ते पुढचं. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखीच झाली, पण पहिल्या गटाचे डोळे पुढं कितीतरी वर्षं अधिक सुरक्षित राहिले. विशीत सांभाळलेली साखर शरीर चाळिशीत लक्षात ठेवतं. अर्थात, न सांभाळलेलीही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी तरुणांना कुणी आधी सांगत नाही. फार दिवस चढी असलेली साखर झपाट्यानं खाली आणली, तर पहिल्या वर्षात पडदा थोडा बिघडू शकतो. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा तीन महिन्यांची शुगर बाराची सातवर आणून आला होता. चार महिन्यांत. अभ्यासिकेतला वडापाव सुटला, पहाटे पर्वती चढायला लागला. आणि त्याच चार महिन्यांत त्याच्या पडद्यावर कापसासारखे पांढरे ठिपके आले. तो रडवेला झाला, "म्हणजे मी चांगलं वागलो त्याची ही शिक्षा?" नाही. हे तात्पुरतं आहे, लांबच्या हिशेबात तूच जिंकणार आहेस, साखर अजिबात पुन्हा वाढू देऊ नकोस. फक्त या वर्षात तीन-तीन महिन्यांनी मला डोळा दाखव. मी हे त्याला दोनदा सांगितलं, मग कागदावर लिहून दिलं. जिद्दीला पेटलेल्या मुलाची पडदा-तपासणी जिद्दीच्या आधी व्हायला हवी.

आणि रागावणं थांबायला हवं. माझी ही फार जुनी तळमळ आहे. टाइप वनचं मूल आठव्या-नवव्या वर्षापासून बोलणी खात मोठं होतं: काय खाल्लंस, वहीत आकडे का नाहीत, असंच चाललं तर आंधळा होशील. अठराव्या वर्षी त्याला स्वतःचं पाऊल उचलता येतं, आणि ते पाऊल आधी दवाखान्यापासून दूर पडतं. इंग्लंडमध्ये २००३ पासून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत मधुमेह असलेल्या बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाला पडद्याचा फोटो काढायचं बोलावणं येतं. २००९-१० च्या नोंदी तपासल्या, तेव्हा निदान पाच दशकांत पहिल्यांदाच मधुमेही डोळा हे तिथल्या कामकरी वयातल्या अंधत्वाचं पहिल्या क्रमांकाचं कारण उरलं नव्हतं. बोलावणं, फोटो आणि वेळेवर लेझर, यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. आणि त्याही देशात बोलावल्यावर सगळ्यात कमी येतात ते तरुणच. भीती दाखवून ते येत असते, तर आतापर्यंत सगळे आले असते.

आपल्याकडं बोलावणंच नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीनं देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिला. त्याच्या वर्षभर आधीच्या एका मोठ्या पाहणीत मधुमेहींपैकी साधारण १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर आजार दिसला, पण ती चाळिशीच्या पुढच्यांचीच होती. माझ्या बाकावरची मुलं त्या मोजणीत नव्हती. टाइप टू आता तिशीच्या आत येतो, आणि कोवळ्या वयात आला तर तो अधिक उग्र असतो. अमेरिकेत मुलांवर-किशोरांवर झालेल्या अभ्यासात ती मुलं पंचविशी ओलांडेपर्यंत जवळपास निम्म्यांच्या पडद्यावर खुणा होत्या. आपला माणूस तर बारीक असूनही मधुमेही होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजून त्याचं मूळ कुठं असू शकतं ते दाखवून दिलं: वजनानं किरकोळ, पण त्या मानानं अंगात चरबी राखून जन्मलेली. म्हणून काटकुळ्या पोराला साखर आहे म्हटलं की घरचे हसतात, आणि डॉक्टरही कधी कधी तपासायला विसरतो.

टाइप वनला निदानानंतर पाच वर्षांनी पहिली पडदा-तपासणी चालते. टाइप टूला निदानाच्याच वेळी हवी, कारण साखर आत कधी आली ते कुणालाच ठाऊक नसतं.

दुधाचा टेम्पो चालवणारा अठ्ठावीस वर्षांचा एक जण असाच निदानाच्या महिन्यात माझ्याकडं पाठवला गेला. अंगानं सडपातळ. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तेव्हा साखर सापडली. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीत 'पडदा लगेच बघावा' असं लिहून खाली रेघ मारली होती. त्या रेघेबद्दल मी त्यांना फोन करून धन्यवाद दिले. दोन्ही डोळ्यांत नव्या वाहिन्या होत्या. नजर ६/६.

फोटो पाहून तो घाबरला नाही, की त्यानं वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "लेझर मारल्यावर रात्रीची गाडी चालवू का म्याडम? पहाटे तीनला निघावं लागतंय."

मी त्याला जसं आहे तसं सांगितलं. लेझरनंतर काही आठवडे रात्रीची गाडी नको. समोरच्या हेडलाइटनं डोळे पूर्वीपेक्षा जास्त दिपतील, उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायला वेळ लागेल. दोन्ही डोळे झाल्यावर मशीनवर कडेची नजर मोजू, आणि मग रात्रीचं ठरवू. दिवसाची गाडी बहुधा चालवता येईल. हे आज न केलं तर मात्र दिवसाचीही सांगता येणार नाही.

तो बोटांवर हिशेब करत बसला. धाकट्या भावाला लायसन्स होतं. पहाटेची फेरी त्याच्याकडं द्यायची, संध्याकाळचं संकलन स्वतः ऊन असेतो उरकायचं. घरी बायकोला सांगायला तो तयार होता, आईला इतक्यात नको म्हणाला. मी म्हटलं, आईला तूच सांग, तुझ्या वेळेनं सांग, पण गोळ्या कपाटात लपवून ठेवू नकोस. त्याच दुपारी उजव्या डोळ्याची पहिली बैठक केली. डाव्याची तारीख मी पुढच्या सोमवारची देत होते, तर तो म्हणाला, दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतंय. मग आम्ही बिलाच्या दुसऱ्या दिवशीची तारीख धरली, आणि त्याच्या कार्डावर डेअरीचा फोन नंबरही लिहून ठेवला, कारण त्याचा मोबाइल टेम्पोत नेहमी बंदच असतो, असं त्यानंच सांगितलं.